तिखट झालं, पण लाल काय होईना!

प्रश्न: मिसळीच्या कटाला रंग यावा म्हणून दोन चमचे चटणी जास्तीची घातली तर कट तिखटजाळ झाला, पोरं पाणी पीत बसली आणि रंग मात्र विटकरीच! जाऊबाईंच्या कटाला लालभडक तर्री येते आणि तिखट अगदी बेताचं. त्या वरनं रंग घालत असतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, जाऊबाईंवर एवढ्यात संशय नको. मिरचीचा लाल रंग वेगळा आणि तिखटपणा वेगळा. रंग येतो कॅप्सँथिनमुळं, ते गाजरातल्या कॅरोटीनच्या भावकीतलं, मिरची पिकताना हिरवं क्लोरोफिल कमी होत जातं आणि हे सालीत भरत जातं. तिखट असतं ते कॅप्सेसिन, ते जास्त करून बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत. म्हणून ब्याडगी दिसायला गडद लाल पण खायला सौम्य, आणि आपली लवंगी एवढीशी असून कानातनं धूर काढते. जाऊबाईंच्या चटणीत ब्याडगी जास्त असणार, पैज लावा.

दुसरं म्हणजे हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. चिमूटभर चटणी वाटीभर पाण्यात टाका आणि चिमूटभर कोमट तेलात, दहा मिनिटांनी बघा, तेल लाल झालेलं असतंय आणि पाणी जेमतेम गढूळ. (बिटाचं उलट, त्याचा रंग पाण्यात विरघळणारा म्हणून कोशिंबिरीतलं दही लगेच गुलाबी.) उकळत्या रश्श्यात वरनं चटणी भुरभुरली तर तिखट लागणार, तर्री नाही येणार. तेल तापवून गॅस बारीक करा, मग चटणी घाला, परतून लगेच पाणी. जळली की विटकरी झालीच म्हणून समजा. आणि चटणीची काचेची बरणी खिडकीत असेल तर आधी ती कपाटात ठेवा, उजेडानं रंग उडतो.

तरीपण शंका असेल तर पेलाभर पाण्यावर त्यांची चटणी हळूच भुरभुरा, पाण्यात विरघळणारा रंग मिसळला असेल तर लाल रेघा खाली उतरताना दिसतात. फक्त हे त्यांच्यासमोर करू नका म्हणजे झालं.