रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, बातमी फुटलीये, आता बोलायचं काय?

प्रश्न: मी एका क्रीडा फेडरेशनमध्ये मीडियाचं काम बघते, डोपिंग टेस्टिंगबद्दल बाहेर जे सांगायचं ते माझ्याकडेच असतं. परवा एका मुलीचं ए सॅम्पल पॉझिटिव्ह आल्याची बातमी कुठूनतरी फुटली नि तेव्हापासून फोन थांबत नाहीयेत. साहेब म्हणतात नो कमेंट म्हणून सोडून दे, मुलीचे वडील म्हणतात ती निर्दोष आहे असं जाहीर करा. काय करू?

उत्तर: ताई, दोन्ही नको. दोषी की निर्दोष हे अजून ठरलेलंच नाहीये आणि ते ठरवणं तुमचं कामही नाही. ए सॅम्पलमध्ये काय सापडलं एवढंच लॅब सांगते, मग त्या औषधाची वैद्यकीय परवानगी म्हणजे टीयूई होती का ते बघतात, खेळाडू बी सॅम्पल (त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग) तपासायला सांगू शकते, सुनावणी होते, त्यानंतर निकाल. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कोडप्रमाणे केस चालू असताना संस्थेने तिच्या तपशिलावर बोलायचं नसतं (खेळाडूकडून जाहीर काही बोललं गेलं तर त्याला उत्तर देता येतं), पण प्रक्रिया आणि विज्ञान समजावून सांगायला पूर्ण मोकळीक आहे. ही मोकळीक कुणी वापरतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

गप्प बसल्यावर काय होतं ते 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिसलं. रशियाची फिगर स्केटर कामिला वालिएवाचं सॅम्पल 25 डिसेंबर 2021 चं, रिपोर्ट आला 8 फेब्रुवारीला, ऐन स्पर्धेत. पदक समारंभ कायदेशीर कारणाने लांबलाय एवढंच सांगितलं, आणि अधिकृत माहितीच्या आधीच 15 वर्षांच्या त्या पोरीचं नाव जगभर पसरलं. इटलीचा टेनिसपटू यानिक सिनरचं वेगळं, मार्च 2024 च्या टेस्ट, जाहीर झालं ऑगस्टमध्ये. तात्पुरतं निलंबन अपिलात लगेच उठलं की नाव जाहीर करत नाहीत हा नियम आधीपासून होता, पण तो लोकांना माहीतच नव्हता, त्यामुळे सगळ्यांना लपवाछपवीच वाटली. म्हणून असले नियम केस नसताना, शांत दिवसांत सांगत राहायचे असतात.

आत्ता आधी बघा की खेळाडूला अधिकृत नोटीस गेलीये का, त्याशिवाय नाव तुमच्या तोंडून जाता कामा नये. मुलगी 18 च्या आतली असेल तर शेवटी दोषी ठरली तरी नाव जाहीर करणं बंधनकारक नाहीये, सज्ञान असेल तर अंतिम निकालानंतर 20 दिवसांत करावंच लागतं. आणि सुटली तर निकाल तिच्या संमतीनेच छापायचा, हे तुमच्या साहेबांनाही सांगून ठेवा. प्रेस नोटमध्ये केसबद्दल बोलता येत नाही हे लिहा, का येत नाही ते लिहा, पुढचे टप्पे लिहा. 'दोषी आढळली', 'डोपिंगमध्ये पकडली' असं कुणी छापलं तर त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करायला सांगा.

वडिलांना मात्र मेसेज नको, स्वतः फोन करा, आम्ही निर्दोष म्हणू शकत नाही तसंच दोषीही म्हणणार नाही हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.