एकच माणूस चार-चार खेळांचा कोच कसा काय होऊ शकतो?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकन कॉलेजांत पूर्वी एकच कोच फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, ॲथलेटिक्स असं सगळं शिकवायचा म्हणे. इतक्या खेळांत एक माणूस तरबेज असू शकतो का, की नुसती वेळ मारून न्यायचे? आणि आज असं करिअर करता येईल का?

'वेळ मारून न्यायचे' हे वाचलं आणि लिहायला बसलो. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. हेच शब्द मला आमच्या संस्थाचालकांनी भर मीटिंगमध्ये ऐकवले होते. "सर, तुमचं सगळ्यात थोडं थोडं आहे, धड एकात काही नाही." विषय होता क्रिकेटसाठी बाहेरून कोच आणायचा आणि पीटीच्या तासिका कमी करायच्या.

आधी ॲमॉस अलॉन्झो स्टॅग या अमेरिकन कोचबद्दल सांगतो, कारण अशा करिअरचं याहून मोठं उदाहरण नाही. जन्म 1862चा. येल विद्यापीठात फुटबॉल (अमेरिकन, आपला नव्हे) आणि बेसबॉल दोन्ही गाजवले. मग अमेरिकेतल्याच स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात आला. तिथे त्याच्या फुटबॉल संघात जेम्स नेस्मिथ खेळायचा, ज्याने 1891च्या डिसेंबरात बास्केटबॉल शोधला. मार्च 1892मध्ये त्या नव्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 5-1 असं हरवलं आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा होता. त्याच वर्षी तो शिकागो विद्यापीठात गेला आणि सलग 41 हंगाम फुटबॉल शिकवला. बेसबॉल आणि ट्रॅकही (म्हणजे ॲथलेटिक्स) बघितलं, मध्ये एक हंगाम बास्केटबॉलसुद्धा.

हे जमायचं कसं? एक तर खेळांचे हंगाम वेगळे. शरद ऋतूत फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि ट्रॅक. मुलंही बऱ्याचदा तीच, खेळ तेवढा बदलायचा. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. शिकागोचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी स्टॅगला प्राध्यापकाचा दर्जा दिला, कायम नोकरी दिली आणि शारीरिक शिक्षणाचा अख्खा विभाग हातात दिला. एखाद-दुसरा सामना हरला म्हणून घरी जायची टांगती तलवार नाही. म्हणून त्याने खेळ नाही, खेळाडू घडवले. हीच स्प्रिंगफील्डची परंपरा आपल्याकडेही आली. तिथे शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी 1920मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं.

'धड एकात नाही' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आमच्या शाळेतली एक मुलगी आहे. नाव देत नाही. खो-खोची उत्तम आक्रमक, खांबावर वळायची तर बघत राहावं. पण लांब उडीत उडी घ्यायच्या फळीजवळ आली की शेवटचं पाऊल मोठं टाकायची. टाच पुढे पडायची, वेग तिथेच मरायचा आणि अंग वर उठायचंच नाही. "पाऊल आखूड टाक" म्हणून मी सांगत होतो, ती मान डोलवत होती, पाय ऐकत नव्हते. मग एका संध्याकाळी तिला खो-खोच्या मैदानात नेलं आणि खांबावर वळायला लावलं. वळायच्या आधीचं पाऊल ती आपसूक आखूड टाकते, हे तिलाच दाखवलं. तिथून थेट उडीच्या खड्ड्याकडे. फळी म्हणजे खांब समज, एवढंच सांगितलं. त्याच दिवशी टेकऑफ बसला. जिल्हा झाला, विभागीयही झालं. नुसता लांब उडीचा कोच असता तर त्याला तो खांब कुठून सुचला असता? हे मी त्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा विषय बदलला गेला. तासिका कमी झाल्याच.

स्टॅगलाही 1932मध्ये सत्तरी आली म्हणून शिकागोने निवृत्त केलं. तो कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेला, आणखी 14 हंगाम शिकवलं आणि 1943मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, देशातला सर्वोत्तम फुटबॉल कोच ठरला. मग पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने काम केलं. 1965मध्ये गेला, 102 वर्षांचा होऊन. फुटबॉल आणि बास्केटबॉल, दोन्हींच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. याला वेळ मारून नेणं म्हणायचं का?

आजचं विचाराल तर मोठ्या विद्यापीठांत हे संपलं. फुटबॉलच्या कोचला बारा महिने तेच काम, खेळाडू शोधायला गावोगाव फिरणं, टीव्हीचा पैसा, हाताखाली सहायकांची फौज. छोट्या कॉलेजांत मात्र क्रॉस-कंट्री आणि ट्रॅक आजही बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाकडे असतात, आणि हायस्कुलांत दोन-तीन खेळ सांभाळणारे शिक्षक आहेत.

एक कबूल करतो, पोल व्हॉल्ट, जिम्नॅस्टिक्स, पोहणं यांना त्या त्या खेळातलाच माणूस लागतो, तिथे चुकीला हात-पाय मोडतात. मी पोल व्हॉल्ट कधी कुणाला शिकवला नाही. वरच्या पातळीवरही तज्ज्ञ हवाच. पण चौदा वर्षांखालच्या पोराला एकाच खेळाच्या अकादमीत कोंबणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही.

तुम्ही स्वतः बी.पी.एड.चा, म्हणजे क्रीडाशिक्षकाच्या पदवीचा, विचार करत असाल तर जागा कायम आहे का आणि शिक्षकाचा दर्जा मिळणार का, हे आधी लेखी विचारा. अकरा महिन्यांच्या करारावर, मानधनावर चार खेळ सांभाळा म्हणाले तर सरळ नाही म्हणा.