नोकरी कोणतीही घ्या. पीएफ काढून पॉलिसीचा हप्ता मात्र भरू नका

पत्राचा सारांश: वय ३४, शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका). पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये ४ वर्षे ४ महिने स्टाफ नर्स. नाइट भत्ता आणि ओव्हरटाइम धरून हातात ३१ हजार रुपये येतात. पतीचा स्वतःचा टेम्पो आहे, मुलगी सात वर्षांची आणि सासूबाईंना मधुमेह. आता दोन पर्याय समोर आहेत: घराजवळचे क्लिनिक, २४ हजार रोख; किंवा चाकणच्या एका कारखान्यातील आरोग्य केंद्र, ठेकेदारामार्फत, हातात २७ हजार. दोन्हीकडे रात्रपाळी नाही. कोणता घ्यावा? शेवटी जाता जाता लिहिलेले वाक्य असे, की पगार कमी झाला तरी चिंता नाही, कारण पीएफचे पावणेदोन लाख काढून ‘दामदुप्पट’ पॉलिसीचे पुढचे दोन हप्ते भरता येतील.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. हातात येणाऱ्या रकमांची तुलना येथे फसवी आहे. तुमचे मूळ वेतन १८ हजार आहे. त्यावर तुमचा १२ टक्के आणि रुग्णालयाचा तेवढाच वाटा मिळून ४,३०० रुपये दरमहा तुमच्या भविष्य निर्वाह निधीत व पेन्शन योजनेत जातात आणि ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेचे, सुमारे ९०० रुपये महिन्याला साठत असतात. म्हणजे रुग्णालयाची नोकरी ३१ नव्हे, ३६ हजारांची आहे. क्लिनिकचे २४ हजार हे २४ हजारच, कारण रोख पगारात पीएफ नाही, रजा नाही आणि पगाराची पावतीही नाही. कारखान्यात १५ हजारांवर पीएफ धरला, तर हिशेब ३१ हजारांच्या आसपास जातो. रात्री आठ ते सकाळी आठ उभे राहण्यापासून सुटका पाच हजारांत मिळत असेल, तर ती महाग नाही. बारा हजारांत मात्र महाग आहे. आरोग्य केंद्रातील काम प्रथमोपचार, रक्तदाब, कामगारांच्या नियमित तपासण्या आणि नोंदवह्या यांभोवती फिरते, त्यामुळे आयसीयूचा हात दोन-तीन वर्षांत सुटतो. परत फिरण्याची शक्यता ठेवायची असेल, तर हे लक्षात असू द्या.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. बँकेतील गृहस्थाने वॉर्डबाहेर उभे राहून ‘सिस्टर, ही एफडीच समजा’ असे सांगितले आणि तुम्ही दरवर्षी ९० हजारांची, दहा वर्षे भरायची, विसाव्या वर्षी १८ लाख देणारी पॉलिसी घेतली. नऊ लाखांचे अठरा लाख ऐकायला गोड वाटतात. परंतु प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षे अडकून राहतो आणि परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. त्या दराने हेच हप्ते वाढले असते, तर विसाव्या वर्षी ३१ लाखांच्या पुढे गेले असते. सव्वाआठ टक्क्यांवरचे पैसे उचलून साडेचार टक्क्यांत टाकायचे आणि त्यासाठी निवृत्तीची शिदोरी सोडायची, हा बेत कोणी सुचवला असेल तर त्याचा फोन यापुढे उचलू नका. एवढे करूनही तुमचे विमाकवच फक्त नऊ लाखांचे आहे, म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम दोन-अडीच वर्षांचा खर्च. पन्नास लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा विमा, या वयात वर्षाला साधारण सात-आठ हजारांत मिळावा.

तिसरा हप्ता भरू नका. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असल्यामुळे पहिले वर्ष पूर्ण झाल्यावरही काही सरेंडर मूल्य, म्हणजे ती मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, मिळते. ते किती आणि पॉलिसी पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवल्यास) मुदतीअखेर किती, हे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या १ लाख ८० हजारांतील पन्नास हजार ते लाखभर बुडतील असे धरून चला. पुढच्या आठ हप्त्यांचे ७ लाख २० हजार वाचतात.

पीएफ नव्या नोकरीत वर्ग होतो, तेव्हा तो काढायचा नाही. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि वर्ग केल्यास तुमची चार वर्षे त्यात धरली जातात. रुग्णालयाचा कुटुंबासाठीचा आरोग्य विमा नोकरी सुटताच संपेल. नव्या पॉलिसीत सासूबाईंच्या मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, म्हणून ती राजीनाम्याआधी घ्या.

आणि राजीनामा आठ महिन्यांनी द्या. पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचे सुमारे ५२ हजार तुमचे होतात, आज निघालात तर शून्य. चाकणची जागा तोवर थांबणार नसेल, तर ठेकेदाराला नेमणूकपत्र आणि पीएफची नोंदणी दाखवायला सांगा, आणि ठेका दुसऱ्याकडे गेल्यास तुमची सेवा सलग धरली जाईल का, हेही विचारा. यावर तो गुळमुळीत बोलला, तर आठ महिने नाइट करणेच स्वस्त पडेल.