आरसी (रिमोट कंट्रोल) कार सरळ सोडली तरी डावीकडे खेचते, अलाइनमेंट कसं करायचं?

ट्रिमला, म्हणजे रिमोटवरच्या स्टिअरिंगचा मध्य सरकवणाऱ्या बटणाला, हात लावू नका. खाली दोघांनी लिहिलंय की रिमोटवर ट्रिम उजवीकडे फिरवा, झालं. त्याच सल्ल्यावर माझी गाडी गेली म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला होतो, ओहोटीला वाळू कशी टणक होते माहितेय ना, तर मावसभाऊ, आमचा दादा, मुंबईहून आलेला, आम्ही व्याडेश्वराच्या देवळामागून खाली उतरलो. एक दशांशची (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी) बग्गी, तुमच्यासारखीच डावीकडे खेचत होती. मी म्हटलं घरी जाऊन उघडून बघू, दादा म्हणाला अरे ट्रिम कशासाठी दिलाय, मार उजवीकडे. मारला. सरळ पळायला लागली, पण आता गाडी सरळ आणि चाकं उजवीकडे बघतायत, म्हणजे डावीकडे वळायला सर्व्होकडे (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरकडे) कमीच उरलं. समुद्र डाव्या हाताला, तिकडून वळवून परत आणायला गेलो तर वळण एवढं रुंद पडलं की गाडी थेट लाटेत. रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही गेले. आणि दादा सगळ्या घरासमोर म्हणाला, याला चालवता येत नाही.

त्याच रात्री पडवीत बसून उघडली. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गंजून जवळजवळ जाम झालेलं. एका संध्याकाळच्या पाण्याने एवढा गंज चढत नाही, आधीच्या खेपेची खारी वाळू आत बसलेली होती. डावं चाक अडतंय म्हणून गाडी डावीकडे जात होती, अलाइनमेंटचा संबंधच नव्हता!

म्हणून आधी गाडी उचलून चारही चाकं बोटाने फिरवा, जे लवकर थांबतं ते बघा. मग ट्रिम शून्यावर, रिमोट आणि गाडी चालू ठेवून सर्व्हो मध्यावर येऊ द्या, हॉर्न (सर्व्होच्या दातेरी टोकावरची दांडी) काढून सरळ बसवा, एका दातानेसुद्धा फरक पडतो. त्यानंतर टर्नबकल, म्हणजे चाकाला जोडलेला लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड. एका टोकाला उलटे आटे असतात त्यामुळे न काढता जागेवरच फिरतो, दोन्ही बाजूंची लांबी कॅलिपरने सारखी करा. पुढे टो (वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत की बाहेर) शून्य किंवा अगदी जरासा बाहेर, मागे दोन-तीन अंश आत, कॅम्बर उणे एक-दोन अंश, म्हणजे चाकाचा वरचा भाग जरा आत झुकलेला. मोजताना बॅटरी आत हवी आणि गाडी वीतभर उंचीवरून सोडून सस्पेन्शन बसू द्यायचं. आमच्याकडे मी ओट्याच्या ग्रॅनाइटवर करतो, त्याच्याइतकं सपाट घरात दुसरं काही नाही.

शेवटी उरलंच तर एक-दोन टिचक्या ट्रिम चालेल, तेवढं मान्य. आणि गाडी खेळण्यातली असेल, टर्नबकलच्या जागी रॉड एकसंध प्लास्टिकचे असतील, तर तिथे ट्रिमशिवाय इलाजच नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

दादाला मी ते बेअरिंग दाखवलं होतं. तो म्हणाला पाण्यानेच गंजलं असेल. अजून डबीत ठेवलंय, पुढच्या गणपतीत येईल तेव्हा परत दाखवणार आहे.