युद्धाला नकार द्यायचा असेल तर कागद आधी तयार ठेवा

प्रश्न: जय ख्रिस्त. आम्ही अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहतो. मुलगा लवकरच १८ वर्षांचा होईल, आणि मी व माझे पती नागरिकत्वाचा अर्ज भरत आहोत. येशूच्या शिष्याने कोणत्याही सरकारच्या सांगण्यावरून माणूस मारू नये, अशी आमची श्रद्धा आहे. शिवाय कुणाच्याही मुलाच्या देहावर सरकारचा हक्क नाही, असंही आम्ही मानतो. मुलाने सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं का? आणि शपथ घेताना आम्हाला शस्त्र उचलण्याचं वचन द्यावंच लागेल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात दोन कारणं आहेत आणि अमेरिकेचा कायदा त्यांतलं एकच ऐकून घेतो. हा फरक कागद भरण्याआधी घरात सगळ्यांना कळायला हवा. इथे गफलत झाली तर श्रद्धा खरी असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

दुसरं कारण, म्हणजे सरकारचा हक्क नाही हे, आम्हाला मनापासून पटतं. त्याची मुळंही शास्त्रातच आहेत. १ शमुवेल ८ मध्ये लोक राजा मागतात, तेव्हा शमुवेल त्यांना बजावतो की हा राजा तुमची मुलं आपल्या रथांसाठी आणि घोड्यांसाठी घेऊन जाईल. राजसत्ता आईबापांकडून काय काय उचलून नेते, याची यादी तिथे पहिल्या राजाच्या आधीच दिली आहे. अमेरिकेतही हा विचार जुना आहे. ९ डिसेंबर १८१४ रोजी डॅनियल वेब्स्टर यांनी प्रतिनिधिगृहात सक्तीच्या भरतीविरुद्ध भाषण केलं आणि विचारलं, की आईबापांपासून मुलं हिरावून युद्धाला धाडण्याचा अधिकार घटनेच्या कोणत्या कलमात लिहिला आहे. पण १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची भरती वैध ठरवली आणि ती घटनेच्या १३ व्या दुरुस्तीतल्या गुलामगिरीच्या बंदीत बसते हा युक्तिवाद नाकारला. आम्हाला तो निकाल चुकीचा वाटतो, पण आजही तोच लागू आहे.

सैन्याला विवेकाने नकार देणाऱ्यांना सूट देणाऱ्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की मुख्यतः राजकीय, सामाजिक किंवा तात्त्विक मतांवरून ही सूट मिळत नाही. म्हणून सूट मागताना मुलाने द्यायच्या निवेदनात ‘सक्तीची भरती हा सरकारचा अन्याय आहे’ हे वाक्य पहिलं आलं, तर वाचणारा त्याला राजकीय आक्षेप समजून बाजूला ठेवील. ते मत लपवू नका, विचारलं तर सांगा. मात्र पाया श्रद्धेचाच असू द्या: मत्तय ५, गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगणारा येशू, रोमकरांस पत्र १२ चा शेवट. सरकारविषयीचं मत त्या पायावर उभं असेल तर तसंच, त्याच क्रमाने लिहा.

कायद्याची दुसरी अट जास्त जाचक आहे. नकार सर्व युद्धांना हवा. १९७१ साली सूट मागणाऱ्या जिलेट नावाच्या माणसाच्या खटल्यासोबत निग्री नावाच्या एका कॅथलिक तरुणाचाही दावा होता. व्हिएतनामचं युद्ध त्याच्या धर्मशिकवणीनुसार अन्याय्य आहे, त्यात आपण लढणार नाही, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने दोघांनाही सूट नाकारली. ‘न्याय्य युद्ध’ मानणाऱ्या मंडळीत वाढलेल्या मुलाने हे आधीच प्रामाणिकपणे तपासावं. काही युद्धं योग्य असतात असं त्याला खरंच वाटत असेल, तर सूट मिळावी म्हणून उलट लिहू नये. मुलाखतीत ते उघडं पडतंच, आणि ते खोटंही ठरेल.

इथेच एक गैरसमज दूर करतो. घरात शिरलेल्या चोराला अडवणार का, बहिणीवर हल्ला झाला तर काय करणार, असे प्रश्न विचारले जातात. स्वतःचं किंवा शेजाऱ्याचं रक्षण आणि सरकारने पुकारलेलं युद्ध या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हो, मी बहिणीच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये उभा राहीन’ एवढ्याने दावा बाद होत नाही. १९५५ साली तर यहोवाच्या साक्षीदारांपैकी एकाला देवाच्या अंतिम युद्धाची शक्यता मान्य असूनही न्यायालयाने सूट नाकारू दिली नाही. आक्षेप माणसांच्या खऱ्याखुऱ्या युद्धांना असला की पुरे.

आता नोंदणी. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती नाही आणि ती पुन्हा सुरू करायला काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कायदा करावा लागेल. पण १९८० पासून सिलेक्टिव्ह सर्व्हिस या भरतीसाठी नावं ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातली नोंदणी पुन्हा चालू आहे. ती १८ ते २५ वयाच्या पुरुषांना लागू आहे, नागरिक असोत वा ग्रीन कार्डधारक. मुदत १८ व्या वाढदिवसापासून ३० दिवसांची. उशीर झाला तरी २६ व्या वाढदिवसाआधी नोंद घेतात. मुलगा एच-४ (आईबापांच्या नोकरीवरचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असेल तर नोंदणी लागत नाही, पण २६ च्या आत ग्रीन कार्ड मिळालं की त्यानंतरच्या ३० दिवसांत लागते. मुलींना ती लागू नाही.

नोंदणीच नाकारणारे ख्रिस्ती तरुण आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण ग्रीन कार्डावरच्या मुलाला आम्ही हा मार्ग सुचवत नाही. कायद्यात शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची आहे. खटले १९८० च्या दशकानंतर झालेले नाहीत, तरी खरी अडचण नागरिकत्वात येते. २६ च्या आत नोंदणी नाकारली तर नागरिकत्वाचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. २६ ते ३१ या वयात नोंदणी जाणूनबुजून टाळली नव्हती हे सिद्ध करावं लागतं, आणि ज्याने तत्त्व म्हणून टाळली तो ते खरेपणाने सिद्ध करू शकत नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्याही बंद होतात. नाव नोंदवणं म्हणजे लढायला होकार नव्हे. नकार नोंदवण्याचा टप्पा पुढे येतो.

मात्र हा टप्पा नोंदणीच्या फॉर्मवर नाही. त्यात तशी चौकटच नाही. म्हणून ऑनलाइन न भरता कागदी फॉर्म घ्या. आधी सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख घालून नोंद आधीच झाली आहे का ते बघा, कारण बऱ्याच राज्यांत वाहन परवाना काढताना ती होऊन जाते. झाली नसेल तर कागदी फॉर्मच्या समासात मुलाने स्वतःच्या अक्षरात, काळ्या शाईने, इंग्रजीत एक वाक्य लिहावं: माझ्या ख्रिस्ती विश्वासामुळे मी सर्व युद्धांना विरोध करणारा कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर (विवेकाने नकार देणारा) आहे. कार्यालय ते वाक्य संगणकात नोंदवणार नाही. त्याचा उपयोग तुमच्या प्रतीत आहे. पाठवण्याआधी दोन प्रती काढा, फॉर्म सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपा. एक प्रत बंद पाकिटात स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा आणि पाकीट न उघडता ठेवा. शिक्क्यावरची तारीख हाच पुरावा. नोंद आधीच झाली असेल तर हेच वाक्य तारखेसह वेगळ्या कागदावर लिहून, नोटरीपुढे सही करून ठेवा. पुढे पत्ता बदलला की १० दिवसांत कळवावं लागतं, तेही विसरू नका.

भरती सुरू झालीच तर सोडतीत आधी त्या वर्षी २० वर्षांचे होणारे, मग २१ ते २५ चे, आणि शेवटी १९ व साडेअठराचे, असा क्रम ठरला आहे. बोलावणं आलं की दावा करायला मोजकेच दिवस मिळतात. म्हणून निवेदन आजच लिहायला घ्यावं आणि दर वर्षी तारीख टाकून नव्याने वाचावं. त्यात तीन गोष्टी हव्यात: विश्वास काय आहे, तो कुठून आला, आणि जगण्यात कसा दिसतो. तिसरी सर्वांत अवघड. ‘मी शांतताप्रिय आहे’ याला वजन नाही. शाळेत मारामारी टाळली, कोणती कामं नाकारली, कुठे सेवा केली, दृढीकरणाच्या वेळी पाळकांशी काय बोलणं झालं, हे साल-महिन्यासह लिहावं. तीन-चार साक्षपत्रं जोडा. त्यांतलं एक तरी अशा माणसाचं असावं, ज्याला हे मत पटत नाही पण मुलगा मनापासून बोलतोय याची खात्री आहे. अशा पत्राला वजन असतं.

निवेदन आईबाबांनी लिहू नका. ते तुमच्या भाषेत झालं, की समोर बसल्यावर मुलाला स्वतःचीच वाक्यं समजावून सांगता येत नाहीत. यहोशवाच्या आणि दाविदाच्या लढायांबद्दल, रोमकरांस पत्र १३ मधल्या तलवारीबद्दल, हिटलरबद्दल प्रश्न येणार हे गृहीत धरा आणि घरी जेवताना मोकळेपणाने वाद घाला. दावा मान्य झाल्यास वन-ओ वर्गाला २४ महिने नागरी सेवा करावी लागते. वन-ए-ओ वर्ग सैन्यात जातो, पण शस्त्राविना. कोणता वर्ग मागायचा हे मुलाने ठरवावं. ‘सरकारसाठी माणूस मारू नये’ या श्रद्धेतून दोन्ही उत्तरं निघू शकतात.

तुमची दोघांची शपथ मात्र लगेचची बाब आहे. सिलेक्टिव्ह सर्व्हिस फक्त तरुणांची, पण एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जातले प्रश्न बायकांना आणि साठीतल्या आजीलाही येतात. शपथेत तीन वचनं आहेत: कायद्याने सांगितल्यास शस्त्र धारण करणं, सैन्यात शस्त्राविना सेवा करणं, आणि नागरी नियंत्रणाखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम करणं. धार्मिक शिकवण व विश्वास यांच्या आधारे पहिलं वचन, किंवा पहिली दोन्ही, वगळता येतात. तिसरं वगळता येत नाही. तिथे ‘नाही’ लिहिलं तर अर्ज अडतो. ही सवलत मिळवायला अनेकांनी किंमत मोजली आहे. १९२९ मध्ये रोझिका श्विमर या बाईंना शस्त्र उचलणार नाही म्हणाल्याबद्दल नागरिकत्व नाकारलं गेलं. १९३१ मध्ये मॅकिंटॉश या बॅप्टिस्ट धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनाही नाकारलं गेलं. जिरूआर्ड या अॅडव्हेंटिस्ट गृहस्थाच्या खटल्यात १९४६ साली न्यायालयाने ती भूमिका सोडली.

अर्जात पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’, तिसऱ्याला ‘हो’ अशी खूण करा आणि एक पानाचं निवेदन जोडा. पाळकांचं पत्र उपयोगी पडतं, पण तुमची मंडळी मेनोनाइट किंवा क्वेकर अशा युद्धविरोधी पंथांची असण्याची गरज नाही. मुलाखतीत अधिकाऱ्याने सदस्यत्वाचा दाखला मागितला, तर शांतपणे सांगा की इमिग्रेशन खात्याने २०१५ मध्येच तो आवश्यक नसल्याचं स्पष्ट केलं आहे, आणि वरिष्ठांना विचारण्याची विनंती करा. इथेही आक्षेप सर्व युद्धांना हवा. निर्णय लेखी मागा, आणि समारंभाच्या दिवशी आत जातानाच बदललेल्या शपथेबद्दल कर्मचाऱ्याला आठवण करा.

युद्धाला पैसा जातो म्हणून कराचा काही भाग न भरण्याचा विचार मनात येत असेल, तर नागरिकत्व मिळेपर्यंत तरी तो करू नका. तसं कराचं विवरणपत्र भरल्यास ५,००० डॉलर दंड होऊ शकतो आणि थकलेला कर थेट नागरिकत्वासाठीच्या चारित्र्याच्या तपासणीत येतो. दान वाढवून कायदेशीरपणे कर कमी करता येतो.

शाळेचं काम याच आठवड्यात करा. केंद्राचा निधी घेणाऱ्या हायस्कूलला मागणी आल्यावर विद्यार्थ्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर सैन्यभरती अधिकाऱ्यांना द्यावा लागतो. पालकांनी लेखी नकार दिला असेल तर तो देता येत नाही. दोन ओळींचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, शिक्का मारलेली प्रत ठेवा आणि ते दर वर्षी नव्याने द्या. शाळेत सैन्याची ॲस्व्हॅब चाचणी होत असेल तर मुलाने ती देऊ नये, किंवा शाळेकडून निकाल भरती अधिकाऱ्यांकडे न पाठवण्याचा आठवा पर्याय लेखी मागून घ्यावा. या पत्रांच्या प्रतीही निवेदनाच्याच फायलीत लावा.