टेस्ट लॅपटॉपवर पास, पाइपलाइनमध्ये कधी पास कधी फेल

तू विचारलंयस की लॅपटॉपवर एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) लावून सगळ्या इंटिग्रेशन टेस्ट (अ‍ॅप आणि डेटाबेस एकत्र तपासणाऱ्या) पास होतात, पाइपलाइनमध्ये (कोड पुश केला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) पोस्टग्रेस, म्हणजे सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस, आलं की चार-पाच रनमागे एकदा फेल होतात, मग दोन्हीकडे एसक्यूलाइटच ठेवलं तर चालेल का. नको रे बाबा. उलट लॅपटॉपवरचं एसक्यूलाइट काढ, आणि प्रॉडक्शनला (खऱ्या वापरात) पोस्टग्रेसचं जे व्हर्जन आहे तेच डॉकरमध्ये (प्रोग्राम सुट्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं टूल) चढव.

का ते सांगतो. इथे इंदूरला सियागंजच्या एका नमकीनवाल्या होलसेलरचं बिलिंग आम्ही केलं होतं, टेस्ट एसक्यूलाइटवर, सगळ्या हिरव्या. पहिल्याच सकाळी दुकानातून फोन, भैया बिल सेव्ह होत नाहीये, आणि बाहेर माल भरायला गाडी उभी. मालाच्या नावाचा कॉलम होता व्हारचार २०, म्हणजे जास्तीत जास्त २० अक्षरांचा. एसक्यूलाइट तो आकडा बघतच नाही, कितीही लांब नाव टाक, मुकाट घेतं, पोस्टग्रेस सरळ एरर फेकतं. त्यात नावं देवनागरीत. 'रतलामी सेव' आपल्याला सहा अक्षरं दिसतात, पण पोस्टग्रेस काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतं, स्पेस धरून झाले १०, आणि पुढे 'स्पेशल तिखट' लागलं की २२. ही चूक त्या टेस्टमध्ये सापडणं शक्यच नव्हतं. फॉरेन कीचंही (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, हा नियम) तसंच, एसक्यूलाइटमध्ये ती मुद्दाम चालू केल्याशिवाय तपासली जात नाही.

आता तुझं अधूनमधून फेल होणं. तुझ्या कंपोज फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे सुरू करायचे ते जिथे लिहितो) नुसतं डिपेंड्स-ऑन ('आधी तो, मग हा') आहे, ते कंटेनर सुरू व्हायची वाट बघतं, डेटाबेस तयार व्हायची नाही. हेल्थचेक (डेटाबेस तयार झाला का ते सारखं विचारणारी कमांड) लाव आणि कंडिशन सर्व्हिस-हेल्दी दे. स्लीप १० (नुसतं दहा सेकंद थांबणं) टाकून भागवू नकोस, मशीन स्लो असलं की परत तेच. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यात माझे दोन दिवस गेले होते: पोस्टग्रेसची ऑफिशियल इमेज (कंटेनरचा तयार साचा) रिकाम्या डेटावर सुरू झाली की आधी एक तात्पुरता सर्व्हर उभा करते, तुझ्या इनिट स्क्रिप्ट (पहिल्यांदा टेबलं वगैरे बनवणाऱ्या) चालवते, तो बंद करते आणि मग खरा सुरू होतो. तो तात्पुरता फक्त सॉकेटवर (त्याच कंटेनरच्या आतल्या दारावर, नेटवर्कवर नाही) ऐकतो, म्हणून साधं पीजी-इझरेडी (पोस्टग्रेस तयार आहे का विचारणारी कमांड) त्यालाच बघून 'तयार' म्हणून मोकळं होतं, तुझी टेस्ट कनेक्ट करायला जाते आणि दार बंद. हेल्थचेकमध्ये होस्ट १२७.०.०.१ दे, म्हणजे ते नेटवर्कच्या दारावर विचारेल, मग खरा सर्व्हर आल्यावरच हो म्हणेल.

डेटा साफ करायला प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र धरलेल्या बदलांत) चालवून शेवटी रोलबॅक कर, म्हणजे ते बदल मागे घे, पण सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) रोलबॅकने मागे येत नाही, तेव्हा आयडी १ च येईल असं टेस्टमध्ये कुठे धरलं असशील तर ते काढून टाक. अ‍ॅप वेगळ्या कनेक्शनवर कमिट (बदल कायमचे सेव्ह) करत असेल तर रोलबॅकचा काही उपयोग नाही, तिथे ट्रंकेटच, म्हणजे टेबल पूर्ण रिकामं करणं.

आणि रात्री उशिरा पुश केल्यावरच फेल होतंय का तेही बघ, कारण पाइपलाइनचं मशीन बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्या रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे कालचीच तारीख असते, आणि आपली आजची तारीख धरलेली टेस्ट तिथे पडते.

आधी हेल्थचेक बदल आणि लागोपाठ वीस रन मार. तरी लाल आलं तर फेल झालेल्या टेस्टचं नाव आणि पोस्टग्रेसचा लॉग इथे टाक, रात्री जेवण झालं की बघतो.