आधी एकेक मोज

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. लायोमोडिन हे प्रथिन स्नायूतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूच्या टोकावर बसतं, तर मग तंतू वाढतो कसा? आणि ते जास्त घालूनही तुझ्या हृदयपेशींत सरासरी लांबी का हलली नाही? एवढ्यावरून विषयच सोडायचा म्हणतेस. ते नंतर बघू. आधी सांग, सरासरी काढायची घाई का केलीस? एकेक सार्कोमिअर, म्हणजे स्नायूतला आकुंचनाचा सगळ्यात लहान तुकडा, घे आणि त्यातला तंतू मोज.

पहिला प्रश्न मात्र खरा आहे. ट्रोपोमोड्युलिन नावाचं दुसरं प्रथिन तंतूच्या टोकाला घट्ट झाकण घालतं. 1995 मध्ये ग्रेगोरिओ आणि फाउलर यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातल्या हृदयपेशींत प्रतिपिंड सोडून ते झाकण निकामी केलं. तंतू त्या टोकाकडून भराभर लांबले आणि धडधडणाऱ्या पेशी खूपच कमी झाल्या. लायोमोडिन त्याच कुळातलं, पण त्याची पकड ढिली. तंतूला लगटून असलेल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला धरायच्या दोन जागा ट्रोपोमोड्युलिनकडे आहेत, याच्याकडे एकच. म्हणून 2020 मध्ये त्याला गळकं झाकण म्हटलं गेलं: टोकावर बसूनही अ‍ॅक्टिनचा नवा रेणू आत येऊ देणारं. लायोमोडिन-2, म्हणजे हृदयात आढळणारा त्याचा प्रकार, नसलेल्या उंदरांत हे तंतू आखूड राहतात, हृदय फुगून कमजोर होतं आणि पिल्लं तीनेक आठवड्यांत मरतात. त्यामुळे 'बसतं तर वाढतो कसा' हे कोडं सोडवायला विषय बदलावा लागत नाही.

आता सरासरी. हृदयातल्या या तंतूंची लांबी सांगाड्याच्या स्नायूंइतकी एकसारखी नसते, हे तुला माहीत आहे. मग काही लांबले, काही नाही, आणि तू सगळं एका आकड्यात कोंबलंस, तर तो आकडा काय सांगणार? एकेक मोज, बाई!

मी हे रागावून लिहितोय, कारण मी स्वतः तेच केलं. आमच्याकडे उंदराच्या पेशींत थोडी सार्कोमिअर ठळकपणे लांब दिसत होती. 'स्लाइड बिघडली' म्हणून मी ती मोजणीतून काढली. फेलोशिप संपत आली होती, मार्गदर्शकांना आलेख सरळ हवा होता, घरी आई आजारी. हे सगळं खरं आहे. पण ती सार्कोमिअर मी मोजली नाहीत, हेही खरं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर नुसती काट मारलेली आहे, लांबी लिहिलेली नाही. लिहिली असती तर आज तुला तेच आकडे पाठवले असते.

तुझ्याकडे चित्रं अजून आहेत. सार्कोमिअरच्या कडेच्या झेड-डिस्कपासून ट्रोपोमोड्युलिनच्या रेषेपर्यंत एकेक मोज, विचित्र वाटेल तेही. बेरीज करू नकोस. कच्चे आकडे रविवारपर्यंत पाठव, काट न मारता.

तुझा,
सर